मदतीचा पगार

समाजकार्य शिकवणारी भारतातली पहिली संस्था 1936 साली मुंबईत नागपाड्याला निघाली. एका अंगाला कामाठीपुरा, दुसऱ्या अंगाला भायखळा, मधे दाटीवाटीच्या चाळी आणि मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशा सगळ्यांचा शेजार. प्लेगच्या तडाख्यानंतर 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा त्याची पहिली सुधार योजना नागपाड्याचीच होती. वस्तीची अवस्था काय असेल ते यावरून कळावं. अशा ठिकाणी 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' उघडलं. पदवीधर मुलामुलींना इथे दोन वर्षं शिकवून पदविका मिळणार होती, आणि शिकायचं होतं ते अडचणीतल्या माणसाला मदत कशी करायची हे. हीच संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे देवनारची 'टिस', झाली.

मदत करायला पदविका कशाला, हा प्रश्न त्या वेळी स्वाभाविक होता. तो आजही विचारला जातो, आणि महाराष्ट्रात जरा जास्तच विचारला जातो. कारण समाजासाठी झिजणारी माणसं या प्रांताला नवी नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी 1875 साली टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम उघडला. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 सालचं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 सालचा, विठ्ठल रामजी शिंद्यांचं डिप्रेस्ड क्लासेस मिशन 1906 सालचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदाला शपथच घ्यावी लागे की स्वतःसाठी पैसा मिळवण्यात आपली शक्ती खर्च करणार नाही. संस्था देईल तेवढ्यात घर चालवायचं आणि उरलेलं आयुष्य देशाला द्यायचं.

या वारशाची थोरवी कुणी नाकारणार नाही. पण त्याने मराठी मनात एक गोष्ट फार खोल रुजवली: लोकांचं भलं करणाऱ्याने मोबदला मागू नये, मागितला तर त्याची सेवा तेवढी उणी. समाजकार्याच्या पेशाचा इथला इतिहास ही बऱ्याच अंशी या समजुतीशी चाललेली झुंज आहे. या पेशाने काय काय कमावलं हे नीट पाहिलं, तर आज तो कुठल्या अवस्थेत लोटला जातो आहे याची चीड आल्याशिवाय राहत नाही.

जुन्या सेवेला आणि नव्या पेशाला जोडणारा माणूस म्हणजे नारायण मल्हार जोशी. भारत सेवक समाजाचे हे सभासद 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी करतात. गिरणगावात रात्रशाळा, फिरती वाचनालयं, सहकारी पतपेढ्या असं तिचं काम. परळचं लीगचं दामोदर नाट्यगृह पाहिलेल्यांना तिचं नाव परकं नाही. लीगने आपल्या स्वयंसेवकांसाठी अल्प मुदतीचे प्रशिक्षणवर्गही चालवले, म्हणजे सद्भावनेला थोडं शिक्षणही लागतं हे मुंबईने नागपाड्याच्या आधीच ओळखलं होतं. खुद्द जोशी रात्रशाळांपुरते थांबले नाहीत. 1920 साली आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन करणाऱ्यांत ते होते. चाळीतल्या माणसाला अक्षरओळख करून देता देता त्याच्या मजुरीचा प्रश्न हातात येतो, आणि तो आला की टाळता येत नाही. पुढे शिकलेल्या समाजकार्यकर्त्यांचंही वारंवार हेच झालं.

नागपाड्याला शाळा निघाली ती मात्र एका अमेरिकन माणसामुळे. क्लिफर्ड मॅन्शार्ट शिकागोत शिकलेले. शिकागोत जेन अ‍ॅडम्सनी 1889 साली हल हाउस सुरू केलं होतं. शिकलेल्यांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन राहायचं आणि तिथूनच काम करायचं ही त्यामागची कल्पना. मॅन्शार्ट 1925 साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले आणि दोन वर्षांत त्यांनी नागपाडा नेबरहुड हाउस उघडलं. दवाखाना, वाचनालय, खेळाचं मैदान, वर्ग, व्याख्यानं असं सगळं तिथे होतं. मिशनचे असूनही त्यांनी धर्मांतराचा हेतू या कामातून बाजूला ठेवला. 1929 आणि 1932 साली मुंबईत मोठ्या दंगली झाल्या. त्या शहरात सगळ्या धर्मांची पोरं एका मैदानात खेळवणं सोपं नव्हतं.

1932 साली दोराबजी टाटा वारले आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टकडे मोठी संपत्ती आली. ती कुठे लावावी याविषयी मॅन्शार्टचा सल्ला घेतला गेला. भीक घातल्यासारखी मदत वाटत राहण्यापेक्षा मदत करणारी माणसं तयार करावीत, हा त्यांचा विचार ट्रस्टींना पटला. शाळेचे पहिले संचालकही तेच झाले. 1941 नंतर सूत्रं जगदीशन मोहनदास कुमारप्पांकडे आली. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांचे हे भाऊ. 1944 साली संस्थेचं नाव बदललं, 1954 साली ती देवनारला गेली, 1964 साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

या शिक्षणाचा गाभा पहिल्यापासून फिल्डवर्क हाच होता. वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा शिकायचा आणि आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात काढायचे. घरी गेलो तेव्हा कोण काय म्हणालं, आपण काय विचारलं, काय विचारायचं राहिलं, हे सगळं लिहून काढायचं आणि शिक्षकापुढे ठेवायचं. शिक्षक त्यावर प्रश्न करणार: बाई बोलत असताना नवरा खोलीत होता का? मग तिचं म्हणणं तिचं कशावरून? बाहेरून पाहणाऱ्याला हा कागदांचा पसारा वाटतो. पण मदत करणारा माणूस स्वतःच्या दयाळूपणावर किती चटकन खूश होतो, आणि त्या खुशीत समोरच्याचं ऐकायचं कसं राहून जातं, हे या वहीतच पकडलं जातं. समाजकार्याला पेशा म्हणायचं ते या सवयीमुळे. आपल्या कामाचा जाब कुणीतरी विचारणार आहे आणि तो द्यावा लागणार आहे, ही तिची अट.

शाळा निघाल्यावर वर्षभरातच, 1937 साली, तिच्या पुढाकाराने मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक सुरू झालं. फाळणीनंतर शिक्षक आणि विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामाला गेले. पण पगारी पद म्हणून समाजकार्यकर्ता सर्वसामान्य माणसाला प्रथम भेटला तो दोन ठिकाणी, गिरणीत आणि इस्पितळात.

गिरणीची गोष्ट आधी. मुंबईच्या गिरण्यांत माणूस लावायचा तो जॉबरने, आणि कामावर राहायचं तर त्याला दस्तुरी द्यायची. 1931 साली रॉयल कमिशन ऑन लेबरने लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली, त्यात जॉबरची ही पकड सैल करण्याचा उद्देश होता. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. उपाहारगृह, पाळणाघर, प्रथमोपचार, कामगाराच्या तक्रारी हे त्याच्या वाट्याला आलं, आणि समाजकार्याचं शिक्षण या पदासाठी पात्रता धरलं जाऊ लागलं. सरकारच्या बाजूने 1953 साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून गिरणगावात आणि राज्यभर कामगार कल्याण केंद्रं चालली. त्यांच्या नाट्यस्पर्धांतून रंगभूमीवर आलेले कलावंत थोडेथोडके नाहीत.

कल्याण अधिकाऱ्याची अडचण पहिल्या दिवसापासून होती. काळजी कामगाराची घ्यायची आणि पगार मालकाकडून. हा ताण किती दिवस टिकणार? टिसमधली कामगार कल्याणाची शाखा काळाच्या ओघात पर्सोनेल मॅनेजमेंट झाली आणि शेवटी ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांना रस्त्यावर आणलं. गिरण्या उठल्या, चिमण्या पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आले. त्या टॉवरांतल्या कंपन्यांना ह्यूमन रिसोर्सचे पदवीधर हवेच होते. आज टिसच्या अभ्यासक्रमांत सर्वाधिक मागणी आणि सर्वांत मोठे पगार याच शाखेला आहेत. एका घरातली ही दोन भावंडं. जे मालकाच्या दारी गेलं त्याचं बस्तान बसलं, जे गरिबाच्या दारी राहिलं ते स्वतः गरीब राहिलं. यात त्या पदवीधरांचा दोष नाही. कुठल्या मदतीची किंमत मोजायची हे समाजाने ठरवलं.

इस्पितळातला समाजकार्यकर्ता 1946 साली जे. जे. रुग्णालयात आला, भारतातली ही पहिली नेमणूक मानली जाते. दोनच वर्षांत टिसमध्ये वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्याची स्वतंत्र शाखा निघाली. या कामाची गरज कुठल्याही सरकारी वॉर्डात उभं राहिलं की कळते. आजार केसपेपरवर लिहिलेला असतो. टीबीच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात का थांबल्या, पाय कापल्यावर हा हमाल घरी काय करणार, डिस्चार्ज मिळालेली म्हातारी तीन दिवस पोर्चमध्ये का बसून आहे, हे त्या कागदावर नसतं. डॉक्टरला ते विचारायला वेळ नसतो आणि बरेचदा कसं विचारायचं ते माहीत नसतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत तर बरा झालेला रुग्ण घरच्यांनी परत न्यावा म्हणून गावोगाव फिरणारा माणूस हाच.

महाराष्ट्र सरकारच्या रुग्णालयांत या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. गेल्या वीसएक वर्षांत त्याच्या टेबलावरचं काम पार बदललं. 2006 साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. या तरतुदींनी कित्येक जीव वाचवले, यात शंका नाही. पण प्रत्येक तरतुदीबरोबर शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, मंजुरीचा नंबर आणि अपलोड करायचे कागद आले. नातेवाइकाशी अर्धा तास बोलायचा तो अर्धा तास आता संगणकापुढे जातो. दुसरीकडे नवी कौशल्याची कामंही आली. अवयवदानाच्या व्यवस्थेत मेंदूमृत रुग्णाच्या आईवडिलांशी बोलणारा प्रत्यारोपण समन्वयक लागतो. 2014 च्या नियमांत त्या पदाच्या शैक्षणिक पात्रतेत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा उल्लेख आहे. आयुष्यातल्या सर्वांत वाईट घटकेला परक्या माणसाशी काय बोलावं, हे प्रशिक्षणाशिवाय कुणाला जमेल?

दरम्यान शिक्षण मुंबईबाहेर पसरत होतं. मुंबईतच 1955 साली निर्मला निकेतन, नागपुरात मातृसेवा संघाची संस्था 1958 साली, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था 1963 साली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालयं निघाली आणि एमएसडब्ल्यू ही शेतकरी, दलित, आदिवासी घरांतल्या पहिल्या पदवीधरांची पदवी झाली. हा बदल फार मोलाचा आहे. पूर्वी शिकलेला माणूस वस्तीत जायचा. आता वस्तीतलं पोर शिकून वस्तीत परत येऊ लागलं. त्याला अंगात मुरलेली भाषा शिकवावी लागत नाही, आणि उपासमार पुस्तकात वाचावी लागत नाही.

या पेशाचा सगळ्यांत जिवंत काळ 1980 च्या आसपासचा. दलित पँथर 1972 साली आली होती, आणीबाणी होऊन गेली होती, मथुरा बलात्कार प्रकरणाने स्त्रीचळवळ पेटवली होती. एका एका माणसाची केस हाताळत बसलं तर माणसाला गाडणारी व्यवस्था तशीच राहते, ही टीका वर्गातूनच होऊ लागली. 1981 साली पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरल्या झोपड्या पाडून माणसांना शहराबाहेर घालवण्याचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि त्याचा निकाल 1985 चा. त्याच सुमारास नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये काम करणाऱ्या शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेर पडून 1984 साली 'स्पार्क' ही संस्था काढली. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून त्यांनी सुरुवात केली.

स्पार्कने पहिलं मोठं काम केलं ते मोजणीचं. फुटपाथवरल्या सहा हजारांच्या आसपास कुटुंबांची पाहणी 1985 साली झाली. ही माणसं कुठून आली, कधी आली, काय काम करतात? सरकारी दप्तरात नसलेली माणसं कागदावर आली आणि महापालिकेशी बोलायला त्यांच्या हातात काहीतरी आलं. मोजणाऱ्यांत त्याच वस्त्यांतल्या बायका होत्या. पुढच्या वर्षी त्यांची 'महिला मिलन' उभी राहिली: बचतगट चालवणाऱ्या, घराचा आराखडा स्वतः आखणाऱ्या, पोलिस ठाण्यात न घाबरता शिरणाऱ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हीच पद्धत मराठवाड्यात गेली. घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गावागावांत संवाद सहायक म्हणून स्थानिक स्त्रिया नेमल्या गेल्या आणि सिमेंट, पोलाद, अनुदान यांचा हिशेब त्यांनी इंजिनिअरला विचारला. त्यातूनच गोपालन यांच्या नेतृत्वाखाली 'स्वयं शिक्षण प्रयोग' वाढला. टिसच्याच पदवीधर मेधा पाटकर 1980 च्या दशकात नर्मदा खोऱ्यात पोचल्या आणि परत पेशात आल्या नाहीत. ना. म. जोशींचा रस्ता तो हाच.

पण चळवळीत गेलेल्यांइतकंच महत्त्वाचं काम सरकारी यंत्रणेच्या आत शिरून बसलेल्यांनी केलं, आणि त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत. 1983 साली भारतीय दंडसंहितेत सासरच्या छळाविरुद्धचं 498अ कलम आलं. पुढच्याच वर्षी टिसने मुंबई पोलिस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी 'स्पेशल सेल' सुरू केला. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या त्या आवारात, खाकी गणवेशांच्या गर्दीत, शिकलेल्या समाजकार्यकर्त्या टेबल मांडून बसल्या. मार खाऊन आलेल्या बाईला ठाण्यात तोवर दोनच उत्तरं मिळत: गुन्हा नोंदव, नाहीतर घरी जा. सेलमध्ये तिला आधी बसवून ऐकलं जाई. तिला आज रात्री झोपायला जागा हवी आहे का? स्त्रीधन परत हवं आहे? मुलं सासरी अडकली आहेत? नवऱ्याला बोलावून समज द्यायची आहे, की खरोखरच खटला? निर्णय तिचा, आणि त्यामागे पोलिसांचं बळ. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे काम स्वीकारलं आणि सेल जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. इतर राज्यांनीही ते उचललं. पोलिस ठाण्यात समाजकार्यकर्त्याची खुर्ची हा भारतीय समाजकार्याने घातलेला फार मोठा पायंडा आहे, असं निःसंकोच म्हणावं.

तीच रीत पुढे तुरुंगात गेली. टिसचा 'प्रयास' प्रकल्प 1990 साली सुरू झाला आणि जामिनाला पैसे नाहीत म्हणून खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांपर्यंत पोचला. 1989 साली मुंबईत कौटुंबिक न्यायालय आलं, तिथे विवाह समुपदेशक बसले. 1996 साली जेरू बिलिमोरियांनी टिसच्या आश्रयाने 'चाइल्डलाइन' काढली. रस्त्यावरच्या पोराने फुकट फोन लावावा आणि कुणीतरी धावत यावं यासाठीचा 1098 हा नंबर पुढे देशभर गेला.

जाब विचारायची ती जुनी सवय किती दूर पोचू शकते याचं उदाहरण भिकाऱ्यांच्या प्रश्नात आहे. 1945 साली कुमारप्पांनी भिकाऱ्यांच्या समस्येवर एक पुस्तक संपादित केलं. त्या काळच्या समाजकार्याला शहर भिकाऱ्यांपासून मोकळं करायचं होतं आणि कायद्याची मदत हवी होती. 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा त्याच विचाराच्या वाटेवरचा. भीक मागताना सापडलेल्याला वर्षानुवर्षं डांबून ठेवण्याची त्यात सोय आहे. त्या पुस्तकानंतर साठएक वर्षांनी टिसच्याच 'कोशिश' प्रकल्पाने उलट बाजू घेतली. रस्त्यावरच्या निराधाराला गुन्हेगार का ठरवता, असं तो विचारू लागला. याच कोशिशने बिहार सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या शंभरावर निवारागृहांची सामाजिक तपासणी केली. 2018 साली तिच्या अहवालाने मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार उघडकीला आणले. 2020 साली दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवलं. त्या मुलींशी बोलणाऱ्यांना बोलायचं कसं आणि ऐकायचं कसं हे शिकवलेलं नसतं, तर तपासणीच्या फॉर्मवर 'व्यवस्था समाधानकारक' एवढंच आलं असतं.

आता आजचं चित्र. 2000 ते 2017 या काळात कायद्यांनी या पेशाला भरभरून काम दिलं. बाल न्याय कायदा 2000 सालचा आणि नवा 2015 सालचा, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 सालचा, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा. त्यांतून संरक्षण अधिकारी, परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, मनोविकार समाजकार्यकर्ते अशी पदं आली. 2009 साली एकात्मिक बाल संरक्षण योजना आली आणि प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष झाला. एचआयव्हीच्या तपासणी केंद्रांत समुपदेशक आधीच बसले होते. पण यांतली बहुतेक माणसं कंत्राटावर. अकरा महिन्यांची ऑर्डर, एकत्रित मानधन, ना भविष्यनिर्वाहाची खात्री ना बढती. बाल कल्याण समितीपुढे एखाद्या मुलीची केस तीन वर्षं चालते आणि त्या तीन वर्षांत तिचा समाजकार्यकर्ता दोनदा बदलतो. प्रत्येक नव्या माणसाला तिने तीच हकिगत पुन्हा सांगायची. या पेशाचा सगळा डोलारा विश्वासावर उभा; कंत्राट नेमकं त्याच्या मुळावर येतं.

स्वयंसेवी संस्थांतही हवा बदलली. कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याची सक्ती 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. त्यातून शाळा, दवाखाने, शौचालयं झाली, हे खरंच. पण कंपनीला वर्षाअखेर आकडा दाखवायचा असतो: किती लाभार्थी, किती प्रशिक्षणं, किती फोटो. मुलांना बालमजुरीतून सोडवून शाळेत टिकवायला पाच वर्षं लागतात आणि प्रकल्प एका वर्षाचा असतो. 2020 साली परकीय देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला निधी देणं बंद झालं. मोठ्या संस्थेकडून थोडेथोडे पैसे घेऊन चालणाऱ्या गावपातळीवरच्या छोट्या गटांचा त्यामुळे श्वास कोंडला. 2023 पासून चाइल्डलाइनही टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेत आणून 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. सरकारने जबाबदारी घेतली हे चांगलंच, फक्त फोन उचलणाऱ्याला मुलाशी बोलता यायला हवं.

खुद्द टिसलाही हे चुकलं नाही. जून 2024 मध्ये तिथल्या शंभरावर कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना निधीअभावी काम संपल्याच्या नोटिसा मिळाल्या; टाटा ट्रस्टने निधीची हमी दिल्यावर त्या दोनच दिवसांत मागे घेतल्या गेल्या. समाजकार्य शिकवणाऱ्यांची नोकरी जिथे एका पत्रावर तरंगते, तिथे शिकून बाहेर पडणाऱ्यांचं काय?

वकिलाला बार कौन्सिल आहे, परिचारिकेला नर्सिंग कौन्सिल. समाजकार्यकर्त्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय परिषदेची मागणी अनेक वर्षांची आहे; तसा कायदा झालेला नाही. 2021 च्या सहबद्ध आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने वैद्यकीय, मनोविकार आणि क्लिनिकल समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलं, म्हणजे इस्पितळातल्यांना दार किलकिलं झालं. पोलिस ठाण्यातले, बालगृहातले, वस्तीतले अजून बाहेरच. नोंदणी नसल्याने कुणीही उठून समुपदेशक म्हणून पाटी लावतो, आणि चूक झाली तर पीडित बाईला तक्रार करायला जागा नसते. परिषद हवी ती पेशाच्या प्रतिष्ठेसाठी थोडी, आणि त्या बाईसाठी जास्त.

सेवा म्हणून करा, पैशाकडे पाहू नका, हे वाक्य भारत सेवक समाजाच्या सभासदाने स्वतःच्या मनाशी म्हटलं तेव्हा त्यात त्याग होता. तेच वाक्य सरकारी विभाग आणि संस्थाचालक तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या मुलीला ऐकवतात, तेव्हा ती पिळवणूक असते. छळ, अनाथपण, व्यसन, मनोविकार हे काही मार्चअखेर संपणारे प्रकल्प नाहीत. त्यांच्यासाठी नेमलेली माणसंही मार्चअखेर संपणारी असू नयेत. बाल संरक्षण कक्ष, स्पेशल सेल आणि सरकारी रुग्णालयं यांतली समाजकार्याची पदं राज्याने कायम करावीत, त्यांवर शिकलेलीच माणसं नेमावीत आणि त्यांना पुरा पगार द्यावा. आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि त्यांतली कायम किती, हे प्रत्येक वाचकाने आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारावं.